विद्यापीठ परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे

सांगते, सगळं सांगते, पण एक अट आहे. मध्येच कोणी ‘पोकळी’ हा शब्द काढायचा नाही. हल्ली मला बघितलं की घरीदारी सगळे पोकळी म्हणतात. बाबासुद्धा. काल फ्रीज उघडला आणि म्हणाले, दुधाच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आहे. स्वतःच्या मुलीला, सांगा.

तर झालं असं, की आमचे कुलगुरू एका परिषदेला जाऊन आले. विषय होता, कृत्रिम बुद्धिमत्ता स्वीकारताना विद्यापीठाच्या नेतृत्वाची भूमिका. आता माणसं परिषदेला जातात, जेवतात, फुकटची पिशवी घेऊन परत येतात. आमच्या सरांचं तसं नाही. ते ऐकतात. तिथे कोणीतरी म्हणालं की नेतृत्वाने नुसती परिपत्रकं काढू नयेत, आधी स्वतः वापरून दाखवावं. सरांच्या ते मनाला लागलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, आपल्याकडे यातलं कोणाला कळतं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का, तर एका ऑनलाइन बैठकीत सर बराच वेळ आवाज बंद ठेवून बोलत होते आणि तो चालू कसा करायचा ते मी फोनवरून सांगितलं होतं. माझं यातलं भांडवल एवढंच. मी संख्याशास्त्र शिकवते, आणि तिथेही अजून कायम झालेली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता समन्वयक’ झाले आणि कुलगुरूंच्या केबिनबाहेर मला टेबल मिळालं. टेबलावर पाटी. पाटीवर माझं पद मावेना म्हणून शेवटची तीन अक्षरं खालच्या ओळीत उतरवली होती. मी तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, तुम्हालाही पाठवला होता, आठवतोय ना? तो कृपा करून आता पुसून टाका.

उपक्रम छोटासाच होता. विद्यापीठात विद्यार्थ्यांचे अर्ज येतात. येतात म्हणजे नुसतेच येतात, त्यांचं पुढे काही होत नाही. तर एआयने त्या अर्जांच्या उत्तरांचे मसुदे करायचे, मी तपासायचे आणि सरांनी वाचून सही करायची. ‘वाचून’ हा शब्द सरांनी बैठकीत पुन्हा पुन्हा म्हटला होता. मला नीट आठवतंय, कारण दरवेळी मान मीच हलवली होती. वर त्यांनी भर सभेत जाहीर केलं, की महिनाअखेर एकही अर्ज उत्तराविना राहणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणालाच उत्तरं लिहायची नव्हती.

आता इथे आमच्या शेजारच्या काकू येतात. म्हणजे खरंच आल्या, पाटीचा फोटो बघून दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आल्या. त्यांची सून एका शाळेत तात्पुरती शिकवते. लहान मूल सांभाळून तिने आमच्या विद्यापीठाची परीक्षा दिली, सगळे पेपर दिले, आणि गुणपत्रिकेत एका पेपरला ‘अनुपस्थित’. अर्जांवर अर्ज केले, उत्तर नाही. शाळेत कायमची जागा निघालेली, मुख्याध्यापिकाबाईंनी ती हिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलेली. दुरुस्त गुणपत्रिका आली तर नोकरी, नाही तर जागा दुसरीला. सून बिचारी दारात उभी राहून मुलाच्या टोपीची नाडी बांधत होती, सोडत होती. काकू म्हणाल्या, तू आता मोठ्या साहेबांच्या शेजारी बसतेस, बघ ना बाळा.

आणि मी म्हणाले, “काकू, झालंच समजा.”

हे वाक्य मी कुठल्या तोऱ्यात म्हटलं असेल ते तुम्ही मला ओळखता, तुम्हीच कल्पना करा.

पुढे आले कुलसचिव. त्यांना आम्ही पाठीमागे ‘परिशिष्ट’ म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही बोलणं संपलं असं वाटलं की आणखी थोडं जोडलेलं निघतं. ते पडद्यावरचं वाचत नाहीत, म्हणून एआयने लिहिलेला पहिला मसुदा मी छापून नेला. मसुद्याखाली एआयने आपल्या सवयीने विचारलं होतं, ‘हे उत्तर अधिक औपचारिक करू का?’ परिशिष्टांनी चष्मा वर केला. हे कोणी विचारलं? म्हटलं, एआयने. म्हणजे बाहेरच्या पक्षाने, ते म्हणाले. बाहेरच्या पक्षाने लेखी विचारणा केली की विद्यापीठाला लेखी उत्तर देणं भाग आहे. त्यावर आवक शिक्का बसला. समिती नेमली गेली. समितीत कोण असावं यावर आधी चर्चा, मग समितीची सभा, आणि ठराव असा की उत्तर अधिक औपचारिक करावे, परंतु फार करू नये. मी तो ठराव शब्द न् शब्द टाइप केला. एआयने आनंदाने मसुदा बदलला आणि खाली विचारलं, ‘आता हे थोडं संक्षिप्त करू का?’

पुन्हा समिती. आणि गंमत सांगू? परिशिष्ट खूश होते. म्हणाले, मॅडम, याची शंका काढायची पद्धत उत्तम आहे, आपल्याला असा माणूस कधीपासून हवा होता.

असं करत करत एका अर्जाचं उत्तर, तेही ग्रंथालय रविवारी उघडं असतं का एवढ्याच प्रश्नाचं, आठवडाभर फिरलं. या वेगाने सगळे अर्ज संपेपर्यंत मी निवृत्त झाले असते, आणि कायम न होता निवृत्त कसं व्हायचं यावर आणखी एक समिती बसली असती. महिना संपत आला होता. काकू रोज जिन्यात भेटत होत्या. पहिल्यांदा विचारायच्या, मग नुसतं हसायला लागल्या, मग हसायच्याही थांबल्या.

मग मी डोकं चालवलं. हेच चुकलं. एआयला म्हटलं, प्रश्न अजिबात विचारायचे नाहीत, कुलगुरूंच्या शैलीत थेट शेवटचं पत्र लिहायचं. पण कुलगुरूंची शैली त्याला कशी कळणार? म्हणून सरांच्या स्वीय सहायकांकडे गेले. त्यांनी एक फोल्डर दिलं, ‘कुलगुरूंनी पाठवलेली पत्रे’. केवढं फोल्डर! मला सरांचा अभिमानच वाटला, की माणूस इतक्या व्यापात इतक्यांना पत्रं लिहितो. मी एकही न उघडता सगळी पत्रं एआयला दिली आणि बजावलं, या शैलीपासून तसूभरही हलायचं नाही.

पहिलं पत्र तयार झालं. एका सुवर्णपदकवाल्या मुलीने प्रमाणपत्राची प्रत मागितली होती. उत्तर आलं, ‘आपल्या देदीप्यमान यशाने विद्यापीठाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला आहे,’ आणि खाली प्रत कुठून घ्यायची तेही. मला भरून आलं. असं उत्तर मला कधी कोणी दिलं असतं तर मी आज कुठे असते. सर दिवसभर बाहेरगावी होते. त्यांची स्कॅन केलेली सही माझ्याकडे होती, परिपत्रकांसाठी विश्वासाने दिलेली. महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. मी सगळ्या पत्रांखाली सही लावली आणि पाठवून दिली.

बाकीची का नाही वाचली? अरे, पहिलं चांगलं होतं ना. मी संख्याशास्त्र शिकवते बरं का. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हा माझा पहिल्या वर्षाचा पहिला धडा आहे. मुलांकडून तो मी मोठ्याने म्हणून घेते.

संध्याकाळी काकूंना जिन्यात गाठून सांगितलं, उत्तर गेलंय. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी त्या रात्री फार छान झोपले.

सकाळी जिन्यातून काकूंचा आवाज आला. त्या मेलवर आलेल्या पत्राची छापून घेतलेली प्रत वाचत होत्या, मोठ्याने, एकेका पायरीवर थांबत. ‘आपल्या अनुपस्थितीचे वृत्त समजताच मन सुन्न झाले. मनमिळाऊ, कष्टाळू आणि सदा हसतमुख असे आपले व्यक्तिमत्त्व होते. संसाराची धुरा सांभाळून आपण केलेली ज्ञानसाधना सदैव स्मरणात राहील. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. विद्यापीठ परिवार आपल्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.’ खाली कुलगुरूंची सही. त्याखाली, प्रत माहितीसाठी, मुख्याध्यापिका.

मजल्यामजल्यावरची दारं उघडली. आमच्या इमारतीत कोणाचं काही बिघडलं की सल्ल्याला तोटा नसतो. निवृत्त फौजदारकाका म्हणाले, आधी सुनेने आपण जिवंत असल्याचा अर्ज द्यावा, आणि तो स्वतः हजर राहून द्यावा. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी नाडी बघून ती चालू असल्याचं लेखी द्यायची तयारी दाखवली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना एवढंच कळलं की कोणीतरी गेलं, ते शर्ट बदलून खाली आले आणि काकूंच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तोही बिचारा उभा राहिला. आणि आमच्या आईने काय केलं? शांतपणे दार लावून घेतलं. ती आत, मी बाहेर.

तेवढ्यात काकूंच्या मुलाचा फोन वाजला. मुख्याध्यापिकाबाई. त्यांना प्रत आदल्या दिवशीच मेलवर मिळाली होती. त्यांनी सांत्वन केलं, आणि रडतच सांगितलं की शाळेने सकाळी शोकसभा घेऊन मुलांना सुट्टी दिली आहे आणि मुलांचं नुकसान नको म्हणून त्या जागेचं पत्र यादीतल्या पुढच्या बाईंना देऊनही टाकलं आहे.

फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं. सुनेने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मला तर वाटत होतं, त्यांनी काहीही म्हणावं.

मी धावत विद्यापीठात. तिथे आधीच झुंबड. वसतिगृहाची पाण्याची टाकी गळते अशी तक्रार करणाऱ्यांना कळवलं होतं, की टाकीने आयुष्यभर निरपेक्ष भावनेने सेवा केली, तिचा आदर्श पुढच्या पिढ्यांनी घ्यावा. ओळखपत्र हरवलेल्याला, ते आज आपल्यात नाही यावर विश्वासच बसत नाही. एक मुलगा तीन विषयांत नापास झाला होता, त्याला घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि त्याचे वडील पेढे नाही तरी निदान आभार घेऊन आले होते, अगदी मनापासून. परिशिष्ट कोपऱ्यात म्हणत होते, आम्ही समिती नेमली होती, आम्ही म्हटलं होतं, फार औपचारिक करू नये.

सरांनी मला आत बोलावलं. मी येतानाच वाक्य पाठ करून आले होते, ते म्हटलं. “सर, एआयची चूक झाली.”

 सरांनी काल गेलेली पत्रं मागवली आणि एकेक वाचायला लागले. मग म्हणाले, ही भाषा माझी आहे, याला ती कुठून मिळाली? मी फोल्डर उघडून दिलं. सर वाचत गेले. मीही पहिल्यांदाच वाचत होते, त्यांच्या खांद्यावरून. माजी प्राध्यापकांच्या निधनाबद्दल. पुरस्काराबद्दल अभिनंदन. निधन. निधन. एकसष्टीच्या शुभेच्छा. निधन. आणि प्रत्येक शोकपत्राची प्रत त्या माणसाच्या कचेरीला, ही पद्धतच होती, तीही एआयने इमाने इतबारे उचललेली. विद्यार्थ्याला लिहिलेलं एक पत्र सापडेल म्हणून सर शेवटपर्यंत गेले. फोल्डर संपलं.

“म्हणजे या खुर्चीतून आजवर फक्त मेलेल्यांना आणि जिंकलेल्यांनाच पत्रं गेली,” सर म्हणाले. “त्याला दुसरं काय येणार?”

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे कान लाल झाले होते, आणि कुलगुरूंचे कान लाल झालेले बघणं हे आमच्यासारख्यांच्या नशिबी येऊ नये.

मग ते सुनेला गेलेलं पत्र घेऊन उठले आणि चालत परीक्षा विभागात गेले. कुलगुरू तिथे कधी गेले नव्हते, एका कारकुनाने त्यांना पालक समजून खिडकी क्रमांक चारवर जायला सांगितलं. सर खरंच चारवर जाऊन उभे राहिले. त्यानंतर जी धावपळ झाली ती झाली. सुनेची उत्तरपत्रिका दुसऱ्याच केंद्राच्या गठ्ठ्यात बांधलेली सापडली. तपासलेली होती, गुण दिलेले होते, चढवले नव्हते. चांगले गुण होते. सरांनी नव्या गुणपत्रिकेवर शाईने सही केली, वाचून केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मला म्हणाले, चला.

गाडीत पुढे सर. मागे मी, सून आणि काकू. काकूंना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना उतरा म्हणायची हिंमत ड्रायव्हरलाही झाली नाही.  शाळेच्या दारात मुलांची रांग होती, त्यातली एक मुलगी सुनेकडे बराच वेळ बघून म्हणाली, “बाई, मग कालची सुट्टी भरून द्यावी लागेल का?”

मुख्याध्यापिकाबाई आधी सुनेला घट्ट धरून रडल्या, मग चिडल्या, आणि चिडल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. एवढं मोठं विद्यापीठ, म्हणाल्या, आणि कोणी वाचत नाही का पाठवण्याआधी? हे लिहिलं कोणी?

बोलायची वेळ माझी होती. मला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं. भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी त्यातले समुद्र बघत उभी राहिले.

“सही माझी आहे,” सर म्हणाले. “म्हणजे पत्र माझं.”

“आणि या कोण?”

“माझ्या सहकारी.”

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सोडून दिलं, माणूस वस्तूकडे बघून सोडून देतो तसं. त्या म्हणाल्या, मला विद्यापीठाचं लेखी हवं, आत्ता. सरांनी तिथलाच कागद घेतला. लिहायला लागले, ‘आपल्या’, आणि थांबले. खोडलं. दुसरा कागद मागितला. त्यावरही ‘अत्यंत’ लिहून थांबले. खरं सांगते, माझ्या लक्षात आलं की त्यांनाही येत नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, पण साधी चूक झाली हे कसं लिहायचं ते त्यांना कधी लिहावं लागलंच नव्हतं. तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘या बाई परीक्षेला बसल्या होत्या. उत्तीर्ण झाल्या आहेत. चूक विद्यापीठाची होती. यांची जागा यांना मिळावी ही विनंती.’

बाईंनी ते वाचलं आणि समोरच फोन लावला, त्या दुसऱ्या उमेदवार बाईंना. त्या अजून रुजू झाल्या नव्हत्या. सगळं समजावून सांगितलं. पलीकडून फक्त ‘बरं’ एवढंच ऐकू आलं. एवढंच. बाकी सगळ्यावर मी कधीतरी हसेन, पण ते ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे. तिने काय चूक केली होती? तिलाही आदल्या दिवशी घरच्यांनी हार-तुरे नाही तरी शाबासकी दिलीच असेल ना.

सून आणि काकू शाळेतच थांबल्या, परत येताना गाडीत मागे मी आणि पुढे सर, आम्ही दोघंच. मी म्हटलं, सर, माझी चूक होती, मी तुम्हाला न दाखवता पाठवलं, आणि तिथेही गप्प बसले. सर बाहेर बघत होते.

“ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “त्यांना दोषी एकच हवा होता. मी सापडलो.”

उतरताना म्हणाले, “पण पुढच्या वेळी तुम्ही बोला.”

मला वाटलं, आता एआय बंद, पाटी बंद, मी घरी. तसं काही झालं नाही. परिशिष्टांनी मशीनवर बंदीचा ठराव आणला होता, सरांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, त्याने आपल्याकडे जे होतं तेच परत दिलं, आधी त्याला शिकवण्याजोगं काहीतरी आपण लिहू. आता रोज दुपारी सभागृहात कुलगुरू, कुलसचिव, सगळे विभागप्रमुख समोर जुने अर्ज घेऊन बसतात आणि हाताने उत्तरं लिहितात. परीक्षेला बसल्यासारखे, एकमेकांच्या कागदात डोकावत. परिशिष्टांचं पहिलं उत्तर पाच पानी झालं, सरांनी परत दिलं. माझं काम ती सगळी वाचायची. सगळी. मी वाचते.

काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी जिन्यात दिसले की त्यांना घरात काहीतरी विसरल्याचं आठवतं. पण काल सून भेटली, शाळेतून येत होती, वह्यांची पिशवी घेऊन. मला वाटलं, चला, आता ऐकून घ्यावं. पायरीवर उभी राहून मी माफी मागायला लागले, मला नीट जमेना, शब्द सगळे त्या पत्रातलेच तोंडात यायला लागले.

ती म्हणाली, “असू दे हो ताई. सासूबाईंनी ते पत्र कपाटात जपून ठेवलंय.”

मी म्हटलं, फाडून टाका ना ते.

“नको,” ती म्हणाली. “मी मनमिळाऊ आहे, कष्टाळू आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं. तेव्हापासून सकाळचा चहा त्याच करतात.”

आणि हसून वर निघून गेली. मी तिथेच, जिन्यात, हातात माझी पाटी. हो, ती घरी आणत होते. टेबलावर ठेवायची लाज वाटते, आणि आईने दार उघडलं तर घरात कुठे ठेवायची तेही कळत नाही.